विश्लेषण : शेपूट विंचवाची, पण नांगी नाही! जंगलातील ‘विंचूमाशी’ कशी ओळखावी?

विंचवासारखी वर वळलेली शेपूट पाहून लोक घाबरतात, अनेकदा तिला चिरडूनही टाकतात. प्रत्यक्षात ही ‘स्कॉर्पियनफ्लाय’ कोणालाही डंख मारू शकत नाही. तिची ओळख, कोळ्याच्या जाळ्यातील चोरी, मिलनासाठीची ‘भेट’ आणि पाचोळ्याखालचे दडलेले आयुष्य यांविषयी...

ब्रिटनमधील एखाद्या जंगलाच्या कडेने जून महिन्यात चालत गेल्यास काटेरी झुडपांच्या पानांवर एक विचित्र कीटक बसलेला दिसतो. पंखांवर काळपट ठिपके, तोंडाच्या जागी लांब चोच आणि मागच्या बाजूला तांबूस रंगाची, फुगीर, थेट विंचवासारखी वर वळवलेली शेपूट. पाहणाऱ्याचा हात आपोआप मागे जातो. कीटकाची छायाचित्रे समाजमाध्यमांवर येतात, तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो, ‘हा चावतो का?’ उत्तर ‘नाही’ असे आहे. मात्र ते एवढ्यावर संपत नाही. ती शेपूट नेमकी कशासाठी आहे, हे समजून घेतले तर या कीटकाचे जवळजवळ सगळे वागणे उलगडते.

विंचूमाशी म्हणजे नेमके काय?

‘स्कॉर्पियनफ्लाय’ म्हणजे शब्दशः विंचूमाशी. पण ती विंचू नाही आणि शास्त्रीय अर्थाने माशीही नाही. विंचू हा कोळ्यांचा नातलग, आठ पायांचा. विंचूमाशीला इतर कीटकांप्रमाणे सहाच पाय असतात. घरात फिरणाऱ्या माशीला पंखांची एकच जोडी असते, तर विंचूमाशीला दोन जोड्या, म्हणजे चार पंख असतात. कीटकांच्या ‘मेकॉप्टेरा’ या स्वतंत्र गणात तिचा समावेश होतो. ‘लांब पंखांचे’ असा या ग्रीक नावाचा अर्थ आहे. जगभरात या गणाच्या सुमारे ६०० प्रजाती आज अस्तित्वात आहेत. लाखो प्रजाती असलेल्या भुंगेऱ्यांच्या किंवा फुलपाखरे-पतंगांच्या तुलनेत हा संसार अगदी छोटा आहे.

या गणातील दोन कुळे सर्वात मोठी आहेत. एक ‘पॅनोर्पिडी’, म्हणजे शेपूट वळवलेल्या खऱ्या विंचूमाश्या आणि दुसरे ‘बिटासिडी’, म्हणजे फांदीला लटकून राहणाऱ्या ‘हँगिंगफ्लाय’. युरोपात सर्वसामान्यपणे दिसणाऱ्या विंचूमाशीचे शास्त्रीय नाव ‘पॅनोर्पा कम्युनिस’. स्वीडिश शास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी १७५८ मध्ये तिला हे नाव दिले.

शेपटीत विष असते का?

नसते. विंचवाच्या शेपटीच्या टोकाला विषग्रंथी आणि अणकुचीदार नांगी असते. विंचूमाशीच्या शेपटीत यांपैकी काहीही नाही. ती फुगीर गाठ म्हणजे नराचे जननेंद्रिय आहे. तिच्या टोकाला चिमट्यासारखी दोन अंगे असतात. मिलनाच्या वेळी मादीला धरून ठेवण्यासाठी नर त्यांचा वापर करतो. त्याच भागातून मादीला आकर्षित करणारा गंधही सोडला जातो.

त्यामुळेच ही ‘विंचवाची शेपूट’ फक्त नराला असते. मादीचे पोट मागे निमुळते होत जाते आणि टोकाशी सरळ संपते. अनेक हौशी निरीक्षक मादीला भलताच कीटक समजतात, त्याचे कारण हेच. माणसाला धोका नराकडून नाही आणि मादीकडूनही नाही. चोचीच्या टोकाला चावणारी मुखांगे असतात खरी, पण ती मेलेल्या, मऊ कीटकांचे मांस कुरतडण्यासाठी असतात.

ओळख कशी पटवायची?

सर्वात खात्रीची खूण शेपूट नव्हे, चेहरा आहे. विंचूमाशीचे डोके पुढून खाली ओढल्यासारखे लांबट असते आणि चोचीसारखे जमिनीकडे झुकलेले असते. नर असो वा मादी, ही चोच दोघांनाही असते. त्यानंतर पाहायचे ते पंख. चारही पंख जवळपास सारख्या आकाराचे, पारदर्शक आणि त्यांवर गडद तपकिरी ठिपके किंवा पट्टे. बसल्यावर पंख पाठीवर सपाट आणि किंचित फाकलेले राहतात. अंगावर पिवळा-काळा रंग आणि डोक्यावर धाग्यासारख्या लांब स्पर्शिका. युरोपातील सामान्य प्रजातीच्या शरीराची लांबी दीड सेंटीमीटरच्या आसपास आणि पंखांचा पसारा तीन सेंटीमीटरहून थोडा अधिक भरतो.

गोंधळ होतो तो प्रामुख्याने चार कीटकांशी. गांधीलमाशीचाही रंग पिवळा-काळा, पण तिला चोच नसते आणि कंबर बारीक असते. चतुराच्या पंखांवरही ठिपके असू शकतात, पण त्याच्या स्पर्शिका इतक्या आखूड असतात की सहज दिसतही नाहीत. लेसविंग या कीटकाच्या पंखांवर जाळीदार शिरा असतात, पण त्याचा चेहरा आखूड असतो. सर्वात जास्त फसगत होते ती हँगिंगफ्लाय आणि क्रेनफ्लाय यांच्यात. दोघांचेही पाय लांबलचक आणि अंग काटकुळे. अशा वेळी पंख मोजावेत. क्रेनफ्लायला दोन, तर हँगिंगफ्लायला चार पंख असतात.

मग प्रजाती ओळखणे अवघड का?

‘ही विंचूमाशी आहे’ हे सांगणे सोपे, ‘ही कोणती विंचूमाशी’ हे सांगणे कठीण. ब्रिटनमध्ये मेकॉप्टेरा गणाच्या अवघ्या चार प्रजाती आढळतात. त्यांतील तीन पॅनोर्पा वंशातील, ‘कम्युनिस’, ‘जर्मॅनिका’ आणि ‘कॉग्नाटा’. चौथी ‘बोरिअस हायमॅलिस’ ही जेमतेम काही मिलिमीटरची, जवळपास पंखहीन प्रजाती. तिचे प्रौढ भर हिवाळ्यात शेवाळावर आणि कधी बर्फावरही उड्या मारताना दिसतात. त्यामुळे तिला ‘स्नो फ्ली’, म्हणजे बर्फातली पिसू, असेही म्हणतात.

पॅनोर्पाच्या तीन प्रजाती मात्र एकमेकींसारख्याच दिसतात. कम्युनिसच्या पंखांवरील पट्टे बहुधा ठळक, तर जर्मॅनिकाचे ठिपके बहुधा विरळ असतात. पण हा ‘बहुधा’ महत्त्वाचा आहे. एकाच प्रजातीत ठिपके कमी-जास्त होतात. म्हणून पंखांवरून केलेली ओळख अंदाजच ठरते. खात्री हवी असेल तर नराच्या शेपटीच्या गाठीवरील चिमट्यांचा आणि त्यांखालील पट्ट्यांचा आकार पाहावा लागतो. मादीच्या बाबतीत पोटाच्या टोकाशी असलेली सूक्ष्म पट्टिका भिंगाखाली तपासावी लागते.

छायाचित्र काढणाऱ्यांसाठी यातून सरळ सूचना निघते. वरून पंखांचे, बाजूने चेहऱ्याचे आणि जमल्यास मागून शेपटीच्या गाठीचे, अशी तीन छायाचित्रे असल्यास तज्ज्ञाला प्रजाती सांगता येण्याची शक्यता वाढते. केवळ वरून काढलेल्या सुंदर छायाचित्रावरून ‘पॅनोर्पा वंशातील एक प्रजाती’ इतकेच सांगणे प्रामाणिकपणाचे असते.

ती जंगलात कुठे आणि कधी दिसते?

युरोपात साधारण मे ते सप्टेंबर हा प्रौढ विंचूमाश्यांचा हंगाम. दाट जंगलाच्या ऐन मध्यापेक्षा त्याची सावलीची कड, पायवाटांच्या बाजू, जुनी झुडपी कुंपणे आणि ओढ्याकाठचा ओलावा या त्यांच्या आवडत्या जागा. रानटी ब्लॅकबेरीची काटेरी जाळी आणि अंगाला लागताच आग करणारी ‘नेटल’ची झुडपे येथे त्या हमखास दिसतात. उड्डाण दुबळे असते. हुसकावले तरी दोन-तीन मीटरवर जाऊन पुन्हा पानावर बसतात. त्यामुळे पळत जाऊन पकडण्यापेक्षा एका जागी शांत उभे राहिल्यास निरीक्षण चांगले होते. पानावर बसून पंख हळूहळू हलवत असलेला कीटक दिसला तर तो बहुधा जोडीदाराला किंवा प्रतिस्पर्ध्याला इशारा देत असतो.

कोळ्याच्या जाळ्यातून चोरी कशी करते?

शिकारी चेहरा असला तरी पॅनोर्पा विंचूमाशी मुख्यतः मृतभक्षक आहे. मेलेले आणि मरणासन्न कीटक हे तिचे मुख्य अन्न. जोडीला मकरंद, परागकण, पिकलेली फळेही चालतात. मात्र जंगलात मेलेला कीटक सहज पडलेला मिळत नाही. मुंग्या तो लगेच उचलून नेतात. हमखास साठा असतो तो कोळ्याच्या जाळ्यात.

विंचूमाशी थेट जाळ्यावर उतरते आणि कोळ्याने गुंडाळून ठेवलेली शिकार खाऊ लागते. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रँडी थॉर्नहिल यांनी १९७५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात या चोरीचे वर्णन केले. पाय चिकटलेच तर तोंडातून तपकिरी द्रव सोडून ती जाळ्याचे धागे सोडवते. कोळी अंगावर आला तर नर शेपटीच्या गाठीने त्याला फटकाही देतो. पण हा डाव प्रत्येक वेळी साधत नाही. चोरी करायला गेलेल्या अनेक विंचूमाश्या स्वतःच कोळ्याचे भक्ष्य होतात. थॉर्नहिल यांच्या निरीक्षणांनुसार जाळ्यांत मरणाऱ्यांत नरांचे प्रमाण अधिक होते. नर हा धोका का पत्करतो, याचे उत्तर त्याच्या मिलनाच्या पद्धतीत आहे.

मिलनासाठी ‘भेट’ कशाला?

विंचूमाशीच्या मादीला अंडी तयार करण्यासाठी पोषण हवे असते. ते तिला नराने आणून द्यावे, अशी या कीटकांची रीत. नरासमोर तीन मार्ग असतात. पहिला, मेलेला कीटक शोधून त्याचा ताबा घ्यायचा, प्रतिस्पर्ध्यांना हुसकावायचे आणि शेजारी बसून गंध सोडायचा. मादी येते, खाऊ लागते आणि तेवढ्या वेळात मिलन होते. दुसरा, कीटक मिळाला नाही तर स्वतःच्या लाळेचा गोळा पानावर ठेवायचा. लाळ घट्ट होते आणि मादी ती खाते. नरांच्या लाळग्रंथी यासाठी मोठ्या झालेल्या असतात. मात्र लाळ तयार करायलाही आधी पोट भरलेले हवे. त्यामुळे चांगली लाळ हा एक प्रकारे ‘हा नर अन्न मिळवण्यात तरबेज आहे’ याचा पुरावाच ठरतो.

जर्मनीत बॉन येथील संशोधक लेफ एंगक्विस्ट आणि क्लाउस पीटर झाउअर यांनी ‘पॅनोर्पा कॉग्नाटा’वर केलेला अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. नरही ही लाळ सरसकट वाटत नाही. अधिक अंडी देऊ शकणारी मादी समोर असेल, तर तो हात सैल सोडतो. निवड फक्त मादी करते, हा समज त्यामुळे अपुरा ठरतो.

तिसरा मार्ग भेट न देता मादीला बळजबरीने धरण्याचा. नराच्या पोटावर वरच्या बाजूला पकडीसारखा एक अवयव असतो. त्यात मादीच्या पंखाची कड अडकवली जाते. अशा वेळी मादी सुटण्यासाठी झटापट करते. थॉर्नहिल यांच्या प्रयोगांत असे दिसले, की मेलेले कीटक उपलब्ध असतील तेव्हा नर पहिला मार्ग घेतात आणि सहसा मोठ्या आकाराचे नर त्यात जिंकतात. लहान किंवा उपाशी नर लाळेकडे किंवा बळजबरीकडे वळतात. मादीचे यात दुहेरी नुकसान असते. तिला अन्न मिळत नाही आणि ते मिळवण्यासाठी तिलाच कोळ्याच्या जाळ्याचा धोका पत्करावा लागतो.

हँगिंगफ्लाय याहून हिशेबी कशी?

बिटासिडी कुळातील हँगिंगफ्लाय जिवंत शिकार करतात. पुढच्या पायांनी फांदीला लटकायचे आणि मागच्या पायांनी जवळून जाणारा कीटक पकडायचा, ही त्यांची पद्धत. उत्तर अमेरिकेतील ‘हायलोबिटाकस एपिकॅलिस’ या प्रजातीत नर शिकार घेऊन लटकतो आणि मादीला बोलावतो. मादी आधी शिकार चाखते. शिकार फारच लहान असेल तर ती काही मिनिटांतच निघून जाते आणि नराचे बीज पोहोचतच नाही. शिकार मोठी असेल तर मिलन सुमारे २० मिनिटे चालते. त्यानंतर बहुधा नरच शिकार ओढून घेतो, कारण उरलेल्या तुकड्यावर दुसरी मादी मिळू शकते.

येथे फसवणूकही होते. काही नर मादीसारखे वागून दुसऱ्या नराजवळ जातात. तो भेट पुढे करतो आणि हा ती हिसकावून पळतो. थॉर्नहिल यांनी १९७९ मध्ये ‘सायन्स’मध्ये या सोंगाची नोंद केली. शिकारीसाठी उडण्यात कोळ्यांच्या जाळ्यांचा जो धोका असतो, तो या चोरीमुळे टळतो.

कीटकाच्या वागण्यावरून वाद का झाला?

बळजबरीच्या मिलनावरील आपल्या १९८०च्या शोधनिबंधात थॉर्नहिल यांनी माणसांमधील गुन्ह्यासाठी वापरला जाणारा ‘बलात्कार’ हाच शब्द योजला. पुढे २००० मध्ये मानववंशशास्त्रज्ञ क्रेग पामर यांच्यासह त्यांनी ‘अ नॅचरल हिस्टरी ऑफ रेप’ हे पुस्तक लिहिले आणि माणसांतील लैंगिक हिंसेला उत्क्रांतीच्या चौकटीत बसवले. त्यावर जीवशास्त्रज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि स्त्री अभ्यासकांनी जोरदार टीका केली. विंचूमाशीच्या नराला पकडीचा स्वतंत्र अवयव आहे, माणसाच्या बाबतीत असा कोणताही पुरावा नाही, हा टीकेतील एक ठळक मुद्दा होता. शिवाय माणसांतील हिंसेमागे सत्ता, समाज आणि कायदा यांचे संदर्भ असतात, ते कीटकाच्या पिंजऱ्यातील प्रयोगात सापडणार नाहीत.

प्राण्यांबाबत ‘बळजबरीचे मिलन’ असा तटस्थ शब्दप्रयोग आज अधिक रूढ आहे. नुसती शेपूट पाहून विंचूमाशीला विषारी ठरवणे जितके चुकीचे, तितकेच तिच्या एका वर्तनावरून माणसाचा स्वभाव ठरवणेही घाईचे, हा या वादाचा धडा म्हणता येईल.

पाचोळ्याखाली काय दडले आहे?

विंचूमाशीचे प्रौढ आयुष्य काही आठवड्यांचे. आयुष्याचा मोठा भाग नजरेआड, मातीत जातो. मादी ओलसर मातीत अंडी घालते. त्यांतून निघणारी अळी फुलपाखराच्या सुरवंटासारखी दिसते आणि पाचोळ्याखाली मेलेले कीटक खाते. या अळीला संयुक्त डोळे असतात. अळी, कोष, प्रौढ अशा अवस्थांतून जाणाऱ्या कीटकांमध्ये ही दुर्मीळ बाब आहे. पूर्ण वाढलेली अळी मातीत कोठडी करून हिवाळा काढते. नंतर तिचा कोष होतो. बाहेर पडण्याआधी कोष स्वतःच हालचाल करत मातीच्या पृष्ठभागाजवळ येतो.

म्हणजे पानांवर दिसणारी विंचूमाशी टिकायची, तर खालची ओली माती आणि पाचोळा टिकायला हवा. मेलेल्या कीटकांची विल्हेवाट लावून पोषणद्रव्ये मातीत परत आणणाऱ्या जिवांच्या साखळीत तिचाही वाटा आहे. या मृतभक्षणाचा उपयोग न्यायवैद्यक क्षेत्रातही होऊ शकतो. अमेरिकेतील टेक्सासमध्ये मानवी मृतदेहांवरील कीटकांचा अभ्यास करताना, सर्वात आधी पोहोचलेल्या कीटकांत विंचूमाश्या असल्याची नोंद २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. मृत्यूची वेळ ठरवताना एरवी फक्त हिरव्या-निळ्या माश्यांवर भर असतो, त्याला ही पुस्ती होती.

पिसूशी नाते कसे?

विंचूमाश्यांचे पूर्वज पर्मियन काळापासून, म्हणजे २५ कोटी वर्षांहून आधीपासून पृथ्वीवर आहेत. फुलझाडे पसरण्याआधीच्या काळात लांब सोंडेच्या विंचूमाश्या बीजधारी वनस्पतींचा गोड स्राव पीत आणि त्यांचे परागीभवन करत असाव्यात, असे जीवाश्मांवरून २००९ मध्ये ‘सायन्स’मधील शोधनिबंधात मांडले गेले. २०२० मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांचा सहभाग असलेल्या जनुकीय अभ्यासाने आणखी एक धक्का दिला. कुत्र्या-मांजरांच्या अंगावरील पिसवा म्हणजे पंख गमावून रक्तावर जगू लागलेल्या विंचूमाश्याच, असा तो निष्कर्ष होता. या वर्गीकरणावर चर्चा सुरू असली तरी दोघांचे जवळचे नाते आता सर्वसाधारणपणे मानले जाते.

भारतात विंचूमाश्या आहेत का?

आहेत. हिमालयातील आणि दक्षिण भारतातील डोंगराळ, दमट जंगलांत ‘नियोपॅनोर्पा’ या वंशातील विंचूमाश्या आढळतात. पॅनोर्पापासून त्यांना वेगळे करायचे तर पंखाच्या मागच्या कडेकडील एक शीर पाहावी लागते. नियोपॅनोर्पात ती आखूड असते. हँगिंगफ्लायचा ‘बिटाकस’ हा वंशही भारतात आहे. मायकेल रस्ट आणि जॉर्ज बायर्स या अमेरिकी अभ्यासकांनी १९७६ मध्ये भारत आणि शेजारील प्रदेशांतील मेकॉप्टेरांचा सविस्तर आढावा घेतला. आजही अभ्यासकांना त्याचा आधार घ्यावा लागतो. फुलपाखरे आणि चतुर यांच्याइतके हौशी निरीक्षक या गणाला लाभलेले नाहीत. म्हणूनच स्थळ आणि तारखेसह काढलेले एक स्पष्ट छायाचित्रही येथे मोलाचे ठरते.

दिसल्यास काय करावे?

मारू नये, एवढे पहिले. हाताळण्याचीही गरज नाही. थोडे थांबून ती काय करते ते पाहावे. पंख हलवते का, मेलेल्या कीटकाजवळ बसली आहे का, पानावर लाळेचा गोळा आहे का, या नोंदी नुसत्या नावापेक्षा अधिक सांगून जातात. बागा, उद्याने आणि जंगलांच्या कडा ‘स्वच्छ’ करताना पाचोळा झाडून जाळणे, काटेरी झुडपे सरसकट कापणे आणि कीटकनाशके फवारणे या तीन गोष्टींचा फटका अशाच न दिसणाऱ्या जिवांना बसतो. सावलीतला एखादा कोपरा पाचोळ्यासह तसाच राहू दिला, तरी पुढच्या हंगामातील विंचूमाश्यांना बाहेर पडण्यासाठी जागा उरते.